डी-टू ची डाय, वायरकटचा तडा आणि भोसरीतली ही भट्टी : साडेतीन वर्षांचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत ज्यांचं छोटं टूलरूम, म्हणजे डाय-पंच बनवायचं वर्कशॉप, आहे त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे स्टील तापवून-गार करून कडक करून देणाऱ्या, या शॉपला जायच्या आधी मी स्वतः तीन-चार ठिकाणी विचारत फिरलो होतो आणि सगळीकडं फक्त रेट कळायचा, किलोला एवढे, परवा घेऊन जा. काम कसं करणार हे कोणी सांगायचं नाही आणि मीही विचारायचो नाही. हार्डनिंग म्हणजे जॉब लाल करायचा, गार करायचा, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मशीनवर ५८-६० आलं की झालं, इतकंच माझ्या डोक्यात होतं. आता इथं साडेतीन वर्षं काम देतोय, डायचं डी-टू स्टील, शाफ्टचं ईएन-२४ स्टील, केस हार्डनिंगच्या (नुसता वरचा थर कडक करायच्या) पिना, सगळं, त्यामुळं चांगलं काय आणि त्रास कुठं होतो दोन्ही सांगता येईल.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो. माझं काम प्रेस टूलचं. २ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्र्याच्या एका ब्रॅकेटची ब्लँकिंग डाय, म्हणजे पत्र्यातून आकार कापायचा साचा, होती, डाय प्लेट डी-टू ची, १२० बाय ९० बाय ३२ मिमी. तेव्हा ज्यांच्याकडं द्यायचो त्यांच्याकडून हार्डनिंग करून आणली, कडकपणा ६१ लागला, मी खूश. वायरकट, म्हणजे बारीक तारेच्या ठिणगीने आकार कापणं, मी बाहेर करून घेतो. प्लेट मशीनला लागली आणि तिसरा कोपरा फिरताना वायरकटवाल्याचा फोन आला की प्लेटमधून टण्ण असा आवाज आलाय, या लगेच. जाऊन बघतो तर कोपऱ्यापासून थेट डॉवेलच्या (प्लेट जागेवर बसवायच्या पिनेच्या) होलपर्यंत तडा, नख अडकेल एवढा. मटेरियल गेलं, मिलिंग-ड्रिलिंगची मेहनत गेली, पार्टीला दिलेली तारीख गेली. मी वायरकटवाल्याशीच भांडलो त्या दिवशी, आणि त्याची काही चूक नव्हती हे मला नंतर कळलं, त्याला जाऊन सांगितलंही.

ते दोन तुकडे पिशवीत घालून मी या शॉपमध्ये पहिल्यांदा आलो. इथं मेटलर्जी शिकलेल्या एक मॅडम बसतात, त्यांनी तुकडा हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "सर, टेंपरिंग किती डिग्रीला केलं होतं, आणि किती वेळा?" मला माहीत नव्हतं. टेंपरिंग म्हणजे हार्डनिंगनंतर परत कमी तापमानाला तापवून ठिसूळपणा कमी करणं. जुन्या रिपोर्टवर एकच ओळ होती, हार्डनेस ६० ते ६२. दुसरा प्रश्न, "वायरकट हार्डनिंगच्या आधी की नंतर?" तिसरा, "आतल्या कोपऱ्याला रेडियस किती?" हे तीन प्रश्न त्याआधी मला कोणीच विचारले नव्हते, आणि माझ्या मते या शॉपची खरी किंमत त्या तीन प्रश्नांतच आहे.

मग त्यांनी अर्धा तास बसवून समजावलं, ते जसं समजलं तसं लिहितो. स्टील पुरेसं तापलं की त्यातली कणांची रचना बदलते आणि कार्बन त्यात विरघळतो, साखर गरम चहात विरघळावी तसा. हळू गार केलं तर कार्बन सावकाश बाहेर पडतो आणि स्टील मऊ राहतं. झटकन गार केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आतच अडकतो आणि सगळी जाळी ताणून धरतो, त्याला मार्टेन्साइट म्हणायचं, आणि कडकपणा येतो तो या ताणामुळं. पण मार्टेन्साइटला जागा जास्त लागते, आकारमान चार टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, आणि प्लेटचा बाहेरचा भाग आधी गार होतो, आतला नंतर, म्हणजे बाहेरचं कवच घट्ट झाल्यावर आतला भाग फुगायला बघतो. या ओढाताणीत प्लेट आतून सतत ताणलेली असते, दिसायला गुळगुळीत असली तरी.

डी-टू मध्ये आणखी एक भानगड आहे. त्यात कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बारा टक्के, त्यामुळं गार झाल्यावरही जुन्या रचनेचा काही भाग न बदलता तसाच उरतो, त्याला रिटेन्ड ऑस्टेनाइट म्हणतात. २०० डिग्रीला एकदाच टेंपर केलं तर हा भाग तसाच राहतो आणि आतला ताणही फारसा उतरत नाही. रॉकवेलवर ६१ दिसतं. मग वायरकटने मधलं मटेरियल काढलं की ज्याच्या आधारावर तो ताण तोलून धरलेला होता तोच आधार गेला, आणि टोकदार कोपरा जिथं सापडेल तिथून प्लेट उकलते. माझ्या प्लेटला आतला कोपरा मी काटकोनात ठेवलेला, आणि डॉवेल होल त्याच्यापासून जेमतेम ८ मिमीवर. म्हणजे चूक भट्टीची होती तशी ड्रॉइंगचीही होती, आणि ड्रॉइंग माझं.

इथं त्यांनी सुचवलं की वायरकट नंतर करायचा असेल तर हाय टेंपर घ्या, साधारण ५२० डिग्रीला, आणि निदान दोनदा. दोनदा का ते मी विचारलं. पहिल्या टेंपरिंगनंतर गार होताना तो उरलेला ऑस्टेनाइट मार्टेन्साइट होतो, पण हा नवा कोरा मार्टेन्साइट असतो, ठिसूळ, त्याचं टेंपरिंग झालेलंच नसतं, म्हणून दुसरा फेरा त्याच्यासाठी. मोठी प्लेट असेल तर तिसराही करतात. कडकपणा ५८-५९ मिळेल म्हणाल्या. मी अडून बसलो की मॅडम दोन-तीन पॉइंट कमी कशाला घेऊ, धार लवकर बसेल. त्या म्हणाल्या की डी-टू घासून झिजत नाही ते त्यातल्या क्रोमियम कार्बाइडच्या दाण्यांमुळं, ते दाणे २०० ला काय आणि ५२० ला काय, जागेवरच राहतात. म्हणजे जे कमी होतंय ते थोडंसं आणि जे मिळतंय ते प्लेट शाबूत राहण्याची हमी. पटलं मला.

दुसरी प्लेट त्यांच्या सांगण्याप्रमाणे केली. रफ मशिनिंग झाल्यावर आधी ६५० डिग्रीला स्ट्रेस रिलीव्हिंग, म्हणजे कटरने जो ताण भरलेला असतो तो आधीच मोकळा. कोपऱ्यांना रेडियस, डॉवेल होल आत सरकवली, वायरकटचं स्टार्ट होल आधीच मारून ठेवलं, शिवाय आतला कचरा जाणारच आहे तर तिथं ड्रिलने बरंच मटेरियल आधीच काढलं. मग व्हॅक्युम भट्टी. ६५० ला थांबा, ८५० ला थांबा, मग १०२० च्या आसपास, आणि नायट्रोजनच्या दाबाने गार. डी-टू ला तेल लागत नाही, वाऱ्यावरही ते कडक होतं, त्यामुळं गॅसने गार केलं तरी चालतं आणि सगळीकडून सारखं गार होतं, वाकत कमी. प्लेट हातात घेता येईल इतपत गार झाली, ५०-६० डिग्रीवर आली, की रात्र न घालवता थेट टेंपरिंगला. हे मी स्वतः बघितलंय, संध्याकाळी सातला प्लेट बाहेर आली आणि पावणेआठला टेंपरिंग भट्टीत गेली. हार्डन केलेला डी-टू तसाच रात्रभर ठेवला तर सकाळी तडा गेलेला मिळतो ही गोष्ट तिथला भट्टीवरचा साधा ऑपरेटरही सांगतो.

प्लेट परत आली ती चंदेरी, खवले नाहीत, काळेपणा नाही. १२० मिमीला ०.०६ वाढली होती, सगळीकडं सारखी, ग्राइंडिंगला ०.३ ठेवलं होतं त्यात आरामात बसली. वायरकटला मी तिथंच उभा राहिलो चारही कोपरे होईपर्यंत. काही झालं नाही. ती डाय अजून चालू आहे, तीन लाख स्ट्रोक झाले, मध्ये ठरल्याप्रमाणे ग्राइंड करून धार काढली, बस.

आमचं गाव कराडजवळ, लहानपणी आजोबांबरोबर लोहाराकडं कोयते पाणी द्यायला न्यायचो. जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचे कोयते. लोहारकाका पातं लालभडक करायचे, फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवायचे, बाहेर काढून दगडावर चार फटके घासून धार चकचकीत करायचे आणि मग टक लावून बघत बसायचे. मागच्या जाड भागातली उष्णता हळूहळू धारेकडं सरकायची आणि चकचकीत पट्टीवर रंग पळायचा, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग वांगी जांभळा. जांभळा धारेला टेकायला आला की सगळं पातं पाण्यात. निळा होऊ दिला तर ऊस तोडताना धार मुरडते, पिवळ्यालाच थांबवला तर दगडाला लागून दाता पडतो, असं ते सांगायचे. मला तेव्हा ती जादू वाटायची. मॅडमनी त्यांच्या भिंतीवरचा टेंपरिंगचा तक्ता दाखवला, साध्या कार्बन स्टीलला पिवळा साधारण २२० ला, तपकिरी २६० च्या आसपास, जांभळा २८० ला, निळा ३०० ला, आणि मला एकदम लोहारकाकांचं ते टक लावून बघणं आठवलं. त्यांच्याकडं तापमान मोजायचा थर्मोकपल नव्हता, डोळे होते. पोलादावर आलेला ऑक्साइडचा थर जितका जाड तितका रंग बदलतो, तोच त्यांचा मीटर. आपण आज आकडे लिहितो ते काम त्यांनी आयुष्यभर रंग वाचून केलं, फार आदर वाटतो मला त्याचा.

आता ईएन-२४ बद्दल, कारण माझं सगळ्यात जास्त डोकं तिथं उघडलं. एका पार्टीच्या फीडर मशीनचा शाफ्ट माझ्याकडून गेला होता, मी ड्रॉइंगवर बिनधास्त ५० एचआरसी (रॉकवेलचा आकडा) लिहिलं होतं, कडक म्हणजे मजबूत या हिशोबाने. चार महिन्यांत कीवेच्या (चावी बसायच्या खाचेच्या) कोपऱ्यातून तुटला. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेषा, म्हणजे एका झटक्यात नाही, थोडा थोडा करत तडा पुढं सरकत गेलेला. इथं घेऊन आलो तर मॅडम म्हणाल्या, सर, ५० मिळवायला याला साधारण ३०० डिग्रीला टेंपर करावं लागतं, आणि ईएन-२४ साठी २५० ते ४०० हा पट्टाच टाळायचा असतो, त्या तापमानाला टेंपर केलं की कडकपणा बरोबर दिसतो पण चिवटपणा उलटा कमी होतो. म्हणजे मी ड्रॉइंगवर आकडा लिहितानाच नकळत सगळ्यात वाईट जागा मागितली होती! आणि ज्याने काम केलं त्याने प्रश्न न विचारता ती बरोबर दिली.

नवीन शाफ्टला त्यांनी ८४० च्या आसपास तापवून तेलात गार करून ६०० च्या वर टेंपर केलं, कडकपणा फक्त ३२. मी धास्तावलोच होतो. मग बेअरिंग बसते तिथं झीज होऊ नये म्हणून गॅस नायट्रायडिंग, म्हणजे वरच्या थरात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं, अमोनियाच्या वातावरणात ५१० ला बरेच तास. यात क्रम महत्त्वाचा आहे, नायट्रायडिंगचं तापमान आधीच्या टेंपरिंगपेक्षा खाली असायला पाहिजे, नाहीतर आतला गाभा परत मऊ होणार. आणि कीवेच्या तळाला रेडियस द्यायला लावला. तो शाफ्ट दोन वर्षांहून जास्त काळ चालतोय. तोच बार, त्याच डीलरचा, त्याच लॉटमधला. एक चार महिन्यांत तुटला आणि एक अजून फिरतोय, फरक फक्त भट्टीचा आणि एका रेडियसचा.

केस हार्डनिंगच्या पिनांमध्ये पण मी असाच शिकलो. २० एमएनसीआर५ स्टीलच्या पिना, कार्बन आत मुरवायचा ९२० डिग्रीला, केस डेप्थ, म्हणजे कडक थराची जाडी, ०.८ ते १.० मिमी मागितलेली. मी ग्राइंडिंगला बाजूला ०.४ ठेवलं होतं, आधीची सवय, वाकडं झालं तर निघावं म्हणून. चलनासोबतचं ड्रॉइंग बघून फोन आला की सर, तुम्ही आम्ही दिलेली निम्मी केस घासून टाकणार आहात, ०.१५ ठेवा, वाकणार नाही याची काळजी आम्ही उभ्या टांगून घेतो. आणि दुसऱ्या टोकाला थ्रेड होते त्यावर कार्बन जाऊ नये म्हणून पेस्ट लावली, मी सांगितलंही नव्हतं. थ्रेडमध्ये कार्बन गेला तर थ्रेड काचेसारखे होतात आणि नट आवळतानाच टोक उडतं. सोबत एक टेस्ट पीस टाकतात, तो कापून, पॉलिश करून, ॲसिडने खुणवून, सूक्ष्म हार्डनेस घेत आत जातात आणि ५५० विकर्स (कडकपणाचं दुसरं माप) जिथं लागतं तिथपर्यंत केस धरतात. रिपोर्टवर तो आलेख येतो. नुसतं "केस ओके" लिहिलेला कागद आणि हा आलेख यात किती फरक आहे ते ज्याच्या पिना परत आल्यात त्यालाच कळेल.

एकदा त्यांनी माझं मटेरियलच परत पाठवलं. एका डीलरकडून डी-टू म्हणून ब्लॉक घेतला होता, टोकाला रंगही डी-टू चा मारलेला. यांनी भट्टीत टाकायच्या आधी स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते दाखवणाऱ्या मशीनवर) लावला तर कार्बन दोनच्या वर, मॉलिब्डेनम नावालाही नाही, म्हणजे डी-थ्री. दोन्हीत क्रोमियम बारा टक्के, दिसायला, कापायला सारखंच. पण डी-थ्रीला तेल लागतं, आणि तापवायचंही कमी लागतं, डी-टू समजून १०२० ला नेऊन गॅसने गार केलं असतं तर कडकपणा धड मिळाला नसता आणि दोष यांच्यावर गेला असता. मी डीलरला ब्लॉक परत केला. तेव्हापासून टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) नसलेलं मटेरियल मी घेतच नाही, आणि कोणी घेऊही नये.

आता यांची स्वतःची चूक म्हणा किंवा अडचण म्हणा, ती पण सांगतो, कारण माणसं चूक झाल्यावर कशी वागतात त्यावर मी पुढचं काम देतो. गेल्या पावसाळ्यात माझे चार डी-टू पंच भट्टीत असताना रात्री लाईट गेली, जनरेटर लागायला वेळ गेला आणि तापमान मधल्यामधे घसरलं. सकाळी साडेसातला मालकांचा फोन, मी अजून घरीच होतो. म्हणाले, साहेब, भट्टीची सायकल, म्हणजे तापवण्या-गार करण्याचा क्रम, तुटली आहे, कडकपणा कदाचित बरोबर लागेलही पण मी तसं देणार नाही. लगेच परत तापवता येत नाही का विचारलं तर म्हणाले, एकदा हार्डन झालेलं डी-टू तसंच परत हार्डन केलं तर आतले दाणे मोठे होतात, तडा जाण्याची भीती असते, आधी अनीलिंग करून पूर्ण मऊ करायचं, भट्टीतच ताशी थोडे थोडे अंश उतरवत, आणि मग पहिल्यापासून. पाच दिवस जास्त गेले. पैसे वाढवले नाहीत, उलट माझ्या पार्टीला द्यायला भट्टीचा चार्ट आणि एक पत्र दिलं की उशीर आमच्याकडून झाला. त्यांनी गप्प बसून पंच पाठवले असते तर मला कधीच कळलं नसतं, रॉकवेलवर ५९ बघून मी लावले असते. ज्या दिवशी तो फोन आला त्या दिवसापासून मी दुसरीकडं चौकशी करणं बंद केलं.

अजून एक, हे त्यांच्या कामाचं नव्हतंच तरी मदत केली. ६५ कार्बन (स्प्रिंग स्टील) पट्टीच्या क्लिप होत्या, हार्डन-टेंपर यांच्याकडं झाल्या, झिंक प्लेटिंग दुसरीकडं. असेंब्लीला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-सात क्लिप आपोआप तुटून खाली पडलेल्या, कोणी हातही लावला नव्हता. प्लेटिंगवाला म्हणे हार्डनिंग चुकलं. मॅडमनी तुकडे बघितले, कडकपणा घेतला, बरोबर होता, मग विचारलं प्लेटिंगनंतर बेकिंग केलं का. नव्हतं केलं. ॲसिड पिकलिंग आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन आत शिरतो, कडक स्टीलमध्ये तो ताण असलेल्या जागी गोळा होतो आणि काही तासांनी तडा पाडतो. उपाय म्हणजे प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत साधारण २०० डिग्रीला बरेच तास भाजायचं, हायड्रोजन बाहेर पडतो. पुढच्या लॉटपासून ऑर्डरवरच लिहितो, आजपर्यंत एकही तुटलेली नाही.

जे येत नाही ते येत नाही म्हणतात हेही मला आवडलं. ६०६१ ॲल्युमिनियमचं एक फिक्स्चर होतं टी-६ मधलं, म्हणजे भट्टीत कडक केलेलं, त्यावर ब्रॅकेट वेल्ड केलं आणि वेल्डच्या आजूबाजूला ते मऊ पडलं, बोल्ट आवळला की खड्डा पडायचा. यांच्याकडं विचारलं तर सरळ सांगितलं, ॲल्युमिनियमची भट्टी आमच्याकडं नाही, स्टीलच्या भट्टीत आम्ही टाकणार नाही. पण कारण समजावलं. स्टील झटकन गार केलं की लगेच कडक होतं, ॲल्युमिनियमच्या या मिश्रधातूंचं उलटं, ५३० च्या आसपास तापवून पाण्यात टाकलं की ते आधी मऊच असतं, कडकपणा नंतर येतो, १६०-१७५ ला काही तास ठेवल्यावर, आत बारीक कण तयार होतात ते धातूच्या थरांचं एकमेकांवरून सरकणं अडवतात. आल्फ्रेड विल्म नावाच्या जर्मन संशोधकाला १९०६ मध्ये हे सापडलं, गार केलेला तांबं मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा तुकडा काही दिवस नुसता पडून राहून आपोआप कडक झाला होता. वेल्डची उष्णता त्या कणांना फुगवून किंवा विरघळवून टाकते, म्हणून तिथं मऊ पडतं. मग मी वेल्ड काढून बोल्टिंग केलं.

आणि तांबं तर त्याहून निराळं. आमच्या घरी पुण्यातल्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून घेतलेला बंब आहे, मठारकाम केलेला. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, मग ते लाल करून पाण्यात टाकलं की परत मऊ, आणि परत ठोकायला तयार. लोहार पाण्यात बुडवतो कडक करायला, तांबट बुडवतो तेव्हा पत्रा मऊ झालेला असतो. दोघांच्या हातात तोच विस्तव आणि तीच बादली, धातू तेवढा वेगळा. हे मी भट्टीवरच्या मामांना सांगितलं तर ते म्हणाले, आमचा मुलगा विचारतो सगळ्या धातूंना एकच नियम का नाही, आता त्याला आळीत घेऊन जातो.

आता तक्रारी. एक, उशीर. व्हॅक्युम भट्टीत डी-टू ची बॅच आठवड्यात दोनदाच लागते, तुमचा जॉब बुधवारी दुपारी पोचला तर शनिवारपर्यंत विसरा. अर्जंटला जास्त पैसे देऊन पण ते मध्ये घुसवत नाहीत. त्यांचं म्हणणं मला पटतं, वेगवेगळ्या जाडीचे जॉब एका बॅचमध्ये कोंबले की कुणाचंच धड होत नाही, पण पार्टी डोक्यावर बसलेली असते तेव्हा त्रास होतोच. दोन, मिनिमम चार्ज. एखादाच छोटा पंच असेल तर किलोचा रेट लागत नाही, मिनिमम लागतो आणि तो छोट्या टूलरूमला जड जातो, मी आता दोन-तीन जॉब साठवून एकदम पाठवतो. तीन, रेट. साध्या सॉल्ट बाथच्या (वितळलेल्या क्षारात तापवण्याच्या) मानाने मला जवळपास दुप्पट पडतो. सॉल्ट बाथ वाईट असतं असं मी म्हणणार नाही, नीट सांभाळलेलं असेल आणि टेंपरिंग नीट असेल तर साध्या पंचांना उत्तम काम होतं, मी अजूनही काही जॉब तसे देतो. चार, रिपोर्टवर हार्डनेस नेमका जॉबच्या कुठल्या जागी घेतला ते लिहीत नाहीत, तीन आकडे देतात नुसते, ते सुधारायला पाहिजे, मी दोनदा सांगितलंय. पाच, हिशोबाच्या खिडकीवर जेवणाच्या सुट्टीत कोणी नसतं आणि टेम्पोवाला तासभर अडकतो, समोर उभं राहायलाही जागा नाही.

स्वतः जाऊन बघायचं असेल तर सकाळी जा, मामा ड्यूटीवर असतात. ते जॉब बाहेर आल्यावर रॉकवेलला लावायच्या आधी कोपऱ्यावर कानस ओढून बघतात, कानस घसरली तर ठीक, चावली तर वरचा कार्बन उडालाय असं म्हणतात आणि तो जॉब बाजूला ठेवतात. रॉकवेलच्या हिऱ्याच्या टोकाखाली दीडशे किलोचा भार आत जातो, वरचा थर पातळ मऊ असला तर कधीकधी तो लक्षात येत नाही, कानशीला मात्र लगेच कळतं. मशीनला दर आठवड्याला स्टँडर्ड ब्लॉक लावतात, वही तिथंच लटकवलेली आहे, कोणीही बघू शकतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नुसता जॉब आणि चलन पाठवू नका. ड्रॉइंग द्या, मटेरियलचं टीसी द्या, हार्डनिंगनंतर काय करणार ते लिहा, वायरकट, ग्राइंडिंग, प्लेटिंग काय असेल ते, आणि जॉब कुठं लागणार, घासतो की आपटतो की वाकतो, तेही सांगा. कडकपणाचा एकच आकडा न लिहिता पल्ला लिहा, ५८ ते ६० असा. जॉबवर टोकदार कोपऱ्यात नंबर पंच करू नका, एकदा माझ्या एका पंचाला त्या नंबराच्या खाचेतूनच बारीक तडा सुरू झाला होता, तेव्हापासून मी नंबर सपाट, जाड भागावर टाकतो.

पुढच्या आठवड्यात एच-१३ चे (गरम कामाच्या डाय स्टीलचे) दोन इन्सर्ट जातायत, ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचे. मी सवयीने ५२ लिहिलं होतं. मॅडमचा काल फोन आला, वितळलेलं ॲल्युमिनियम आत येतं आणि मग डायवर पाण्याचा फवारा बसतो, दर शॉटला गरम-थंड, ५२ ला वरून जाळीदार तडे लवकर येतील, ४४ ते ४६ घेऊ आणि तीनदा टेंपर करू. ड्रॉइंग बदलून पाठवलंय, इन्सर्ट रफ करून ठेवलेत, सोमवारी स्ट्रेस रिलीव्हिंगला जातील.